पिल्लाला दमवणं हे मोठ्या मांजरांचं काम नव्हे

पावसाळा सुरू झाला की जिन्याखाली, मीटरच्या खोलीत, उभ्या गाडीच्या बॉनेटखाली मांजरांची पिल्लं सापडू लागतात. ज्यांच्या घरी आधीच दोन-तीन मांजरं आहेत, नेमकी त्यांच्याच दारात ती आणून दिली जातात. "तुमच्याकडे आहेतच, त्यात हे एक," असं सोसायटीतले लोक सहज म्हणतात. पहिले काही दिवस पिल्लू पलंगाखाली दडून बसतं. मग पोट भरू लागतं, भीती जाते आणि धुमाकूळ सुरू होतो. पडद्यावर चढणं, पहाटे या खोलीतून त्या खोलीत सुसाट धावणं, चालणाऱ्या माणसाच्या घोट्याला चावणं, झोपलेल्या मांजराच्या शेपटीवर झडप घालणं. मोठं मांजर आधी फिस्कारतं, मग पंजा मारतं आणि शेवटी कपाटावर जाऊन बसतं. तिथून ते जेवायलाही खाली येईनासं होतं, तेव्हा घरातली माणसं हवालदिल होतात.

अशा वेळी बहुतेक घरांत एक सल्ला हमखास मिळतो: "असू दे, ती आपापसात बघून घेतील. मोठं मांजर लावेल त्याला वळण." यातलं अर्धं खरं आहे. मोठं मांजर पिल्लाला मर्यादा शिकवतं. जोरात चावलं तर पंजा बसतो, हे त्याला तिथेच कळतं. पण दिवसभर त्याच्याशी झोंबून त्याला दमवणं, हे काही त्या मांजराचं काम नाही. सात-आठ वर्षांच्या मांजराला ते झेपतही नाही. ते काम आपलं, म्हणजे घरातल्या माणसांचं आहे. पिल्लाला दमवायचं आपण, आणि मोठ्या मांजरांना हवं तेव्हा बाजूला होता येईल अशी जागा ठेवायचीही आपणच. या दोन गोष्टी नीट केल्या की बाकीचं बरंच काही आपोआप जुळून येतं.

एवढी ऊर्जा येते कुठून?

आपली पाळीव मांजरं आफ्रिकी रानमांजराची वंशज. हा प्राणी एकट्याने शिकार करतो आणि ती शिकारही छोटी: उंदीर, पाखरं, सरडे. एका उंदराने दिवस निघत नाही. पोट भरायला दिवसाकाठी आठ-दहा किंवा त्याहून जास्त शिकारी लागतात आणि बरेचसे प्रयत्न वाया जातात. म्हणजे दबा धरणं, धावणं, झेपावणं हे दिवसातून कितीतरी वेळा करता यावं, अशीच मांजराच्या शरीराची घडण आहे. पिल्लू जे करतं, तो या सगळ्याचा सराव.

साधारण चौथ्या आठवड्यापासून पिल्लं भावंडांशी कुस्ती खेळू लागतात. सात-आठ आठवड्यांची झाली की हलणाऱ्या वस्तूंमागे लागतात. तीन महिन्यांपासून पुढे नऊ-दहा महिन्यांपर्यंत हा जोर सगळ्यात जास्त असतो. वर्षभरानंतर तो हळूहळू ओसरतो आणि दोन वर्षांच्या आसपास मांजर खऱ्या अर्थाने स्थिरावतं. लहान पिल्लू दिवसातले अठरा ते वीस तास झोपतं. उरलेल्या चार-सहा तासांत त्याला सगळी ताकद खर्च करायची असते आणि मांजराची जात मुळातच पहाटे आणि तिन्हीसांजेला जागी होणारी. त्यामुळे पहाटे पाचच्या धावपळीत आपल्याला छळण्याचा हेतू नसतो. ती त्याची शिकारीची वेळ असते.

चावण्याचं कारणही समजून घ्यायला हवं. किती जोरात चावलं की समोरच्याला दुखतं, हे पिल्लू आई आणि भावंडांकडून शिकतं. चार-पाच आठवड्यांचं असतानाच एकटं पडलेलं पिल्लू हा धडा अर्धवट सोडून आलेलं असतं. म्हणून शक्य असेल तिथे पिल्लाला किमान आठ, आणि जमल्यास बारा आठवडे आईजवळच राहू द्यावं. तसंच, एकाच वेताची दोन पिल्लं सापडली असतील आणि दोघांचा खर्च झेपत असेल, तर दोन्ही घेण्याचा विचार जरूर करा. मोठ्या मांजराच्या दृष्टीने एका पिल्लापेक्षा दोन पिल्लं सोपी जातात, कारण ती बहुतेक वेळ एकमेकांशीच झोंबतात.

आधी वेगळी खोली, मग ओळख

नवं पिल्लू आणलं की पहिल्याच दिवशी त्याला इतर मांजरांसमोर ठेवू नका. दोन आठवडे ते वेगळं राहायला हवं. याचं पहिलं कारण आरोग्याचं. पॅनल्युकोपेनिया हा विषाणूजन्य आजार पिल्लांमध्ये फार झपाट्याने पसरतो आणि अनेकदा जीव घेतो. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला दहा दिवसांपर्यंत वेळ जाऊ शकतो, म्हणजे वरून ठणठणीत दिसणारं पिल्लूही आजार घेऊन आलेलं असू शकतं. हा विषाणू घरात वर्षभर टिकतो आणि साध्या साबणाने मरत नाही. घरगुती ब्लीचचा १ भाग आणि पाण्याचे ३२ भाग असं मिश्रण दहा मिनिटं फरशीवर राहू दिलं तर मरतो. हे पुसून, फरशी कोरडी होईपर्यंत मांजरांना तिथे येऊ देऊ नये. पिल्लाच्या खोलीतून बाहेर येताना हात धुवा आणि त्या खोलीसाठी चपला वेगळ्या ठेवा.

याच काळात डॉक्टरांकडून जंतांचं औषध, पिसवा-गोचिडांची तपासणी आणि रक्ताची चाचणी करून घ्या. मांजरांमधल्या ल्युकेमिया आणि इम्युनोडेफिशिअन्सी या दोन विषाणूंची चाचणी अनेक मांजरांच्या घरात टाळू नये. तिहेरी लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होते आणि सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा दिली जाते. बारा आठवड्यांनंतर रेबीजची लस. आधीच्या मांजरांच्या लसी राहिल्या असतील तर त्याही आताच उरकून घ्या.

दुसरं कारण ओळखीचं. मांजर समोरच्याला आधी वासाने ओळखतं. दोन आठवडे आजाराविना गेले की पिल्लाच्या अंगाखालचा टॉवेल मोठ्या मांजरांच्या वावरात ठेवा, त्यांचं जुनं अंथरूण पिल्लाच्या खोलीत ठेवा. पहिल्यांदा फिस्कारतील, चार दिवसांनी दुर्लक्ष करतील. दुर्लक्ष ही पहिली पायरी पार पडल्याची खूण समजा. मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना दोघांची जेवणाची ताटली ठेवा. सुरुवातीला दारापासून लांब, मग रोज थोडी जवळ. दोन्हीकडे शांतपणे जेवण होऊ लागलं की दार दोन बोटं उघडा किंवा मध्ये जाळी लावा, म्हणजे एकमेकांना बघत जेवतील.

प्रत्यक्ष भेट त्यानंतर. भेटीआधी पिल्लाला भरपूर खेळवून दमवा आणि खाऊ घाला. पोट भरलेलं, डोळ्यांवर झापड आलेलं पिल्लू बघून मोठ्या मांजराला धोका वाटत नाही. पहिली भेट पाच-दहा मिनिटांत, सगळं ठीक असतानाच आटोपती घ्या. कुठे हे सगळं आठवड्यात जमतं, कुठे महिना-दीड महिना लागतो. वन रूम किचनमध्ये वेगळी खोली शक्य नसेल तर मोठा पिंजरा आणा, त्याच्या तीन बाजूंना चादर टाका आणि आत झोपायची जागा, पाणी आणि लिटरचा ट्रे मावेल असं बघा. काही केलं तरी एकाला उचलून दुसऱ्याच्या तोंडासमोर धरू नका. पहिली भेट बिघडली की ती निस्तरायला महिने जातात.

हा खेळ आहे की भांडण?

अनेक घरांत माणसं खेळाला भांडण समजून मध्ये पडतात आणि खऱ्या भांडणाला खेळ समजून सोडून देतात. फरक ओळखायला काही ठळक खुणा आहेत.

खेळात आवाज फारसा नसतो. कान पुढे किंवा सरळ असतात, नख्या आत असतात, मधूनच थांबून दोघं दम खातात. आणि मुख्य म्हणजे भूमिका बदलत राहतात: आत्ता हा वर, मग तो वर, आत्ता हा पळतो, मग तो. सुटका झाल्यावर जो मोकळा होतो, तोच परत जवळ येतो.

भांडणात कान मागे चपटे होतात, अंगावरचे केस उभे राहतात, शेपूट फुलते, गुरगुरणं आणि किंचाळणं ऐकू येतं, केसांचे पुंजके उडतात. पाठलाग एकच करतो आणि पळतो तोही नेहमी एकच.

आपल्या घरात मात्र बहुधा तिसरा प्रकार घडतो. पिल्लू खेळतच असतं, पण मोठ्या मांजराला तो खेळ नको असतो. एखादं फिस्कारणं, एक हलका पंजा हा मोठ्या मांजराचा "पुरे" असा निरोप आहे. तो देऊ द्या, त्यासाठी मोठ्याला रागावू नका. पिल्लू थबकलं, बाजूला झालं, तर शिकवणी व्यवस्थित चालू आहे. निरोप मिळूनही पिल्लू पुन्हा पुन्हा झेपावत असेल, तर आपण मध्ये पडायची वेळ झाली. हात घालू नका. दोघांच्या मध्ये पुठ्ठा किंवा उशी सरकवा, पिल्लासमोरून खेळणं दुसऱ्या दिशेला फेका आणि त्याला खोलीबाहेर खेळायला न्या.

न वाजणारं भांडणही असतं आणि तेच जास्त फसवं. एक मांजर दारात नुसतं बसून राहतं आणि दुसऱ्याची ट्रेकडे जायची वाट अडते. मोठं मांजर दिवसचे दिवस माळ्यावर राहतं, पिल्लू झोपल्यावरच जेवतं, अंग जास्त चाटतं किंवा चाटणं सोडून देतं. आवाज नाही म्हणून सगळं आलबेल आहे असं धरू नका.

पिल्लाला खेळवायचं कसं

लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच. रोज तीन वेळा, प्रत्येक वेळी दहा ते पंधरा मिनिटं. सकाळी कामाला जाण्याआधी, संध्याकाळी आणि रात्री निजण्याआधी. यात खंड पडला की पिल्लू आपली सोय मोठ्या मांजराच्या शेपटीवर करून घेतं.

खेळणं महागडं लागत नाही. लांब काडीला दोरीने बांधलेली चिंधी किंवा पीस पुरतं. काडी लांब हवी, कारण पिल्लाचे दात आणि आपला हात यांच्यात अंतर राहिलं पाहिजे. हाताची बोटं नाचवून पिल्लाला खेळवायची सवय आधी बंद करा. दीड महिन्याच्या पिल्लाचं चावणं गंमतीचं वाटतं; आठ महिन्यांच्या बोक्याचं रक्त काढतं आणि त्याच्या दृष्टीने नियम तोच असतो.

खेळणं शिकारीसारखं हललं पाहिजे. उंदीर कधी मांजराच्या तोंडावर चालून येत नाही. तो लांब पळतो, थांबतो, खुर्चीच्या पायामागे लपतो, पुन्हा डोकावतो. तसंच खेळणं पिल्लापासून दूर न्या, चादरीखाली सरकवा, क्षणभर निपचित ठेवा. दबा धरून बसलेलं पिल्लू मागचा भाग हलवू लागलं की ते झेपावणार. मधून मधून त्याला पकडू द्या. सारखी हुलकावणी मिळाली तर पिल्लू शांत होत नाही, उलट जास्त चेकाळतं. लेझरच्या ठिपक्याची अडचण हीच. तो कधी हाती लागत नाही. वापरायचाच असेल तर डोळ्यांवर पडू देऊ नका आणि शेवटी ठिपका एखाद्या खऱ्या खेळण्यावर किंवा खाऊवर आणून थांबवा.

शेवटची दोन-तीन मिनिटं हालचाल मंद करत न्या, शेवटची शिकार पकडू द्या आणि लगेच जेवण द्या. शिकार करायची, खायचं, अंग चाटायचं, झोपायचं हा मांजराचा नैसर्गिक क्रम आहे. रात्रीचा खेळ आणि रात्रीचं जेवण या क्रमाने झालं की पहाटेचा धिंगाणा बराच कमी होतो. तरीही पहाटे पिल्लाने उठवलं तर उठून खायला देऊ नका. एकदा दिलंत की उठवलं म्हणजे मिळतं, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसतं.

आपण घरात नसताना त्याच्या डोक्याला काम हवं. अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये कोरडं खाणं लपवा, पुठ्ठ्याच्या खोक्याला दोन-तीन भोकं पाडून आत कागदाचा बोळा टाका, पिंगपाँगचा चेंडू द्या. सगळी खेळणी एकदम बाहेर ठेवू नका. तीन-चार दिवसांनी बदला, म्हणजे ती पुन्हा नवी वाटतात.

पिल्लाने हाताला धरलंच तर हात झटकू नका. झटकलेला हात त्याला पळणाऱ्या शिकारीसारखा वाटतो. हात सैल सोडा, स्थिर ठेवा, पकड सुटली की उठून निघून जा. खेळ थांबला, ही शिक्षा पुरेशी असते. मारणं, ओरडणं, तोंडावर पाणी उडवणं यातलं काहीच करू नका. भीतीने पिल्लू शांत होत नाही, ते आपल्याला टाळू लागतं. त्यातही मोठं मांजर जवळ असताना शिक्षा झाली, तर ती भीती त्या मांजराशी जोडली जाते.

या सगळ्यात मोठ्या मांजरांचा वेळ पिल्लाला देऊन टाकू नका. दिवसातून एकदा दार लावून, पिल्लू बाहेर ठेवून, त्यांच्याशी त्यांच्या गतीने खेळा, त्यांना विंचरा, मांडीवर घ्या. पिल्लू आल्यावर आपला वाटा कमी झाला नाही, हे त्यांना रोज अनुभवायला मिळालं पाहिजे.

जागेची वाटणी

अमेरिकेतली मांजरांच्या डॉक्टरांची संघटना आणि तिची आंतरराष्ट्रीय भगिनी संघटना यांनी २०१३ साली मांजरांच्या गरजांविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यात सुरक्षित जागा, अन्न-पाणी-ट्रे-झोपण्याच्या जागा वेगवेगळ्या ठिकाणी असणं, शिकारीसारखा खेळ, माणसांचा भरवशाचा सहवास आणि वासाचा मान राखणारं घर, असे पाच आधार सांगितले आहेत. अनेक मांजरांच्या घरात त्यातला दुसरा आधार सगळ्यात आधी ढासळतो.

लिटरचे ट्रे मांजरांपेक्षा एक जास्त हवेत. तीन मांजरं असतील तर चार ट्रे. पण चारही ट्रे एकाच बाल्कनीत ओळीने ठेवले तर मांजरांच्या लेखी ती एकच जागा. पिल्लू तिथे दबा धरून बसलं की मोठ्या मांजराची पंचाईत होते आणि ते गादीवर किंवा पायपुसण्यावर उरकतं. ट्रे वेगवेगळ्या खोल्यांत, दोन्ही बाजूंनी बाहेर पडता येईल असे ठेवा. फार लहान पिल्लं लिटर खातात, म्हणून दोन-अडीच महिन्यांपर्यंत त्यांच्या ट्रेत ओलं झाल्यावर गोळा होणारं लिटर घालू नका.

फ्लॅट लहान असला तरी भिंती उंच असतात. कपाटाचा वरचा भाग मोकळा करा, खिडकीशी एक फळी ठोका, माळ्याचा एक कोपरा द्या. पिल्लू वर चढू शकणार नाही अशी निदान एक जागा पहिले काही महिने मोठ्या मांजराची असू द्या. वयस्क मांजराचे सांधे दुखत असतील तर स्टूल आणि खुर्ची लावून त्याला पायऱ्या करून द्या. पुठ्ठ्याचे खोके ठेवाल तेव्हा त्यांना दोन तोंडं कापा, म्हणजे आत शिरलेलं मांजर कोंडीत सापडत नाही.

ओरखडायला उभा खांब हवा. लाकडाच्या ओंडक्याला काथ्याची दोरी घट्ट गुंडाळली की काम होतं. तो मांजर पूर्ण ताणून उभं राहील इतका उंच आणि न डगमगणारा असावा. सोफ्याच्या ज्या कोपऱ्यावर नख्या चालतात, त्याच्या अगदी शेजारीच तो ठेवा. मांजरांना त्याच ठिकाणी आपली खूण ठेवायची असते.

पहिले दोन-तीन महिने, घरात कोणी नसताना आणि रात्री, पिल्लू त्याच्या खोलीत राहू द्या. त्यामुळे पिल्लू सुरक्षित राहतं आणि मोठ्या मांजरांना रोज काही तास निवांत मिळतात.

ताटल्या वेगळ्या, खाणंही वेगळं

वाढत्या पिल्लाला जास्त उष्मांक आणि प्रथिनं लागतात. त्याचं खाणं मोठ्या मांजरांनी खाल्लं तर ती लठ्ठ होतात. मोठ्यांचं खाणं पिल्लाने खाल्लं तर ते कमी पडतं. ताटली दिवसभर भरून ठेवण्यापेक्षा ठरावीक वेळी, वेगवेगळ्या जागी, शक्यतो दारं लावून जेवू घाला आणि अर्ध्या तासाने ताटल्या उचला. पिल्लाला दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांनंतर तीन वेळा, मोठ्यांना दोन-तीन वेळा.

शाकाहारी घरात मांजर पाळलं असेल तर एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. दूध-पोळीवर मांजर जगत नाही, फक्त तगून राहतं. टॉरिन हे पोषकद्रव्य त्याला मांस-मासळीतूनच मिळतं. टॉरिन कमी पडलं की मांजराचं हृदय कमजोर होतं, हे कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या पशुवैद्यकांनी १९८७ साली दाखवून दिलं. घरात मांस शिजवायचं नसेल तर मांजरांसाठी तयार मिळणारं संपूर्ण खाणं आणा. गाईचं दूध बहुतेक मांजरांना पचत नाही, हगवण लागते. आजी प्रेमाने वाटीत दूध ओतत असतील, तर त्यांच्याच हाताने उकडलेल्या कोंबडीचे दोन तुकडे किंवा मांजराचा खाऊ द्यायला सांगा. त्यांचं द्यायचं समाधानही राहील. कांदा-लसूण घातलेला रस्सा मात्र कोणत्याही मांजराला चालत नाही.

आपल्या घरांतले धोके

चपळ पिल्लू तोंडाने जग तपासतं आणि मराठी घरात दोऱ्याच्या वस्तू जागोजागी असतात. गजऱ्याचा दोरा, राखी, हाराची सुतळी, सुई-दोरा, केसांचे रबर, संक्रांतीला गॅलरीत येऊन पडलेला मांजा. गिळलेला दोरा आतड्यांच्या चुण्या करतो आणि ती कापू शकतो. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोऱ्याचं टोक दिसलं तर ओढू नका, तडक डॉक्टर गाठा.

खिडक्या आणि गॅलरीला जाळी हवीच. मांजर चार पायांवर उतरतं, म्हणून त्याला काही होत नाही, हा समज धोकादायक आहे. न्यूयॉर्कच्या एका पशुरुग्णालयात १९८४ साली पाच महिन्यांत उंचावरून पडलेली १३२ मांजरं आणली गेली. बहुतेकांच्या छातीला मार होता, अनेकांची हाडं मोडली होती. ग्रिलच्या गजांमधून पिल्लाचं डोकं जात असेल तर सगळं अंग जातं. कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी पिल्लू कुरतडू शकतं. तारेची बारीक जाळी भरवशाची.

दिवेलागणीची वेळ आणि पिल्लाच्या धावपळीची वेळ एकच. समई-निरांजन उंच आणि बंद देव्हाऱ्यात ठेवा, किंवा तेवढा वेळ पिल्लाला खोलीत ठेवा. वॉशिंग मशीन सुरू करण्याआधी आत हात घालून बघा. शेगडी बंद केल्यावर बर्नरवर झाकण ठेवा.

पॅरासिटॅमॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. कुत्र्यांच्या गोचिडांसाठीची परमेथ्रिन असलेली औषधं, डांबरगोळ्या, फिनाईल हे मांजरांसाठी विष आहे. लिलीच्या फुलाचा, पानाचा किंवा नुसत्या परागाचाही अंश पोटात गेला तर मूत्रपिंड निकामी होतं. भेट म्हणून आलेल्या बुकेत लिली असेल तर तो घरात आणूच नका.

नसबंदी वेळेवर

भाटी चौथ्या महिन्यातही माजावर येऊ शकते आणि गाभण राहिल्यावर साधारण नऊ आठवड्यांत विते. बोका वयात आला की भिंतींवर मूत्राची फवारणी करतो, मारामाऱ्या करतो, पळून जायला बघतो. पिल्लू चार-पाच महिन्यांचं झालं की डॉक्टरांशी बोलून शस्त्रक्रिया करून घ्या. त्याने त्याचा खेळकरपणा जात नाही, पण वयात आल्यामुळे होणारी भांडणं टळतात. खर्चाची अडचण असेल तर तालुक्याचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना किंवा प्राणिसेवी संस्थांची रुग्णालयं आहेत. मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय हे काम करत आलं आहे.

डॉक्टरांकडे कधी न्यायचं

- बोका ट्रेमध्ये सारखा जाऊन बसतो, जोर करतो, पण लघवी होत नाही: त्याच तासाला न्या. ताणामुळे मूत्राशयाला सूज येते, मार्ग तुंबतो आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो.
- मोठ्या मांजराने चोवीस तास काहीच खाल्लं नाही: वाट बघू नका. दोन-तीन दिवसांच्या उपासाने, विशेषतः लठ्ठ मांजराचं, यकृत बिघडतं.
- नाचरं पिल्लू एकाएकी गप्प झालं, उलट्या-हगवण सुरू झाली: लगेच न्या आणि इतर मांजरांपासून वेगळं ठेवा.
- ट्रेबाहेर लघवी, लपून राहणं, वजन घटणं आठवडाभर टिकलं: आधी आजार नाही ना हे तपासा, मग स्वभावाचा विचार करा.
- रस्त्यावरून आलेल्या, लस न झालेल्या पिल्लाने माणसाला चावलं किंवा ओरबाडलं: जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन रेबीजच्या लसीविषयी विचारा.

घेण्याआधी विचार करा, घेतल्यावर वेळ द्या

दोन मांजरं एकमेकांना बिलगून झोपली पाहिजेत, असा हट्ट धरू नका. एकाच खोलीत शांतपणे बसणं, एकमेकांच्या बाजूने न फिस्कारता जाणं, हेही चांगलं नातं आहे. तीन-चार महिने मनापासून प्रयत्न करूनही म्हातारं किंवा आजारी मांजर खंगत चाललं असेल, तर पिल्लासाठी दुसरं चांगलं घर शोधणं यात कमीपणा नाही. मात्र त्याला बाजारात किंवा मासळीबाजारापाशी सोडून येणं हा उपाय नव्हे. घरात वाढलेलं पिल्लू तिथे तग धरत नाही.

म्हणून पिल्लू उचलून आणण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: पुढचं वर्षभर रोज पाऊण तास मला याच्यासाठी काढता येईल का? उत्तर हो असेल तर नक्की आणा. आणि आणलंत की तो पाऊण तास चुकवू नका. त्या वेळेवर पिल्लाचा हक्क आहेच, पण तुमच्या आधीच्या मांजरांची शांतताही त्यावरच अवलंबून आहे.